अरकाट्यापासून एजंटापर्यंत

परदेशात स्थिरावलेल्या मराठी माणसाला वर्षातून दोन-चारदा तरी एक प्रश्न हमखास विचारला जातो: "आम्हाला तिकडे यायचं आहे, चांगला एजंट कोण?" विचारणारा कधी पुण्याचा भाचा असतो, कधी नाशिकच्या मित्राची मुलगी. आपण कानावर आलेले एखादे नाव सांगतो आणि सांगताना मनात थोडी धाकधूकही असते. काम झाले तर एजंट हुशार ठरतो, बिघडले तर नाव सुचवणारा वाईट ठरतो.

मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. परंतु एखादी यंत्रणा वारंवार त्याच जागी बिघडत असेल तर माणसे बदलण्याआधी तिची रचना तपासावी, ही सवय या व्यवसायाने लावली. त्याच नजरेने परदेशी पाठवणाऱ्या मध्यस्थांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षांचा जुना आहे असे दिसले. आणि इतक्या वर्षांत त्याचे उत्तरही फारसे बदललेले नाही.

डोईमागे मोबदला

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद होऊ लागली तशी उसाच्या मळेवाल्यांना मजुरांची चणचण भासू लागली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर घेऊन मॉरिशसला लागले. ज्या धक्क्यावर पुढे लाखो हिंदी माणसे उतरली, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मॉरिशसला मजूर मुंबई बंदरातूनही गेले आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले लोक पुष्कळ होते. तिथला आजचा मराठी समाज हा त्यांचाच वंशविस्तार.

मळा मॉरिशसमध्ये आणि मजूर बिहारच्या किंवा कोकणच्या खेड्यात. या दोघांची गाठ घालून देणारी एक साखळी उभी राहिली. बंदरात त्या त्या वसाहतीचा एमिग्रेशन एजंट बसे. त्याच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यांत उपएजंट असत, त्यांच्या खाली परवानाधारक भरती करणारे आणि सर्वांत शेवटी बिनपरवान्याचा माणूस. उत्तर हिंदुस्थानात त्याला अरकाटी म्हणत. बाजारात, यात्रेत, धर्मशाळेत, रेल्वे स्टेशनवर तो सावज हेरायचा. घरून भांडून निघालेला तरुण, दुष्काळाने देशोधडीला लागलेले कुटुंब, सासरी छळ सोसलेली विधवा ही त्याची गिऱ्हाइके. जहाजावर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात असा नियम पुढे कित्येक वसाहतींसाठी आला, तेव्हा स्त्री आणून दिल्याबद्दल अधिक पैसे मिळू लागले.

एक गोष्ट मात्र नीट पाहिली पाहिजे. अरकाट्याचा मोबदला मजुराच्या खिशातून येत नव्हता. तो वरून, म्हणजे मळेवाल्याच्या बाजूने, डोईमागे येत होता. माणूस डेपोत पोचला की अरकाट्याचे काम संपले. त्यानंतर त्या माणसाचे काय झाले, याच्याशी त्याच्या कमाईचा काडीचाही संबंध नव्हता. मॉरिशसमध्ये दगड उलथला की खाली सोने सापडते, अशी दंतकथा आजही तिथल्या जुन्या आठवणींत सांगितली जाते. अशा थापा मारणारा माणूस स्वभावानेच दुष्ट असला पाहिजे असे नाही. त्या थापेची किंमत त्याला स्वतःला कधीच मोजावी लागत नव्हती, इतकेच.

कायदे होते, तरीही

सरकारला हे कळत नव्हते असे मुळीच नाही. १८३७ च्या कायद्यानेच असे ठरवले होते की, जाणारा मजूर आणि त्याला नेणारा एजंट या दोघांनी सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे राहावे आणि कराराच्या अटी लेखी दाखवाव्यात. तक्रारी इतक्या वाढल्या की १८३९ मध्ये परदेशी मजूर पाठवणेच बंद करण्यात आले. मळेवाल्यांच्या दडपणाखाली १८४२ मध्ये मॉरिशससाठी ते पुन्हा सुरू झाले. या वेळी बंदरात सरकारमान्य एजंट आणि मजुरांच्या हिताकडे पाहणारा संरक्षक अधिकारी अशी व्यवस्था झाली. त्या शतकातल्या कायद्यांमधले एक कलम मला फार शहाणपणाचे वाटते. एमिग्रेशन एजंटाचे वेतन त्याने किती माणसे पाठवली यावर अवलंबून नसावे, त्याला ठराविक वार्षिक पगार असावा, असे ते सांगते. म्हणजे दुखणे नेमके कुठे आहे हे ओळखले गेले होते. औषध मात्र साखळीच्या फक्त वरच्या टोकाला लावले. खालच्या टोकाचा अरकाटी डोईमागेच कमावत राहिला.

या व्यवस्थेची प्रत्यक्षातली हकीकत तोताराम सनाढ्य यांनी लिहून ठेवली आहे. ते १८९३ मध्ये अलाहाबादेत एका अरकाट्याच्या हाती लागून फिजीला गेले आणि २१ वर्षांनी परतल्यावर त्यांचे हिंदी पुस्तक १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मॅजिस्ट्रेटसमोर काय बोलायचे, हे अरकाट्याने आधीच पढवून ठेवले होते. साहेबाने प्रत्येकाला फिजीला जायला राजी आहेस ना, एवढेच विचारले. सुमारे वीस मिनिटांत १६५ माणसांची नोंद उरकली, असे ते सांगतात. हिशेब केला तर माणशी सात-आठ सेकंद पडतात. कायदा पाळला गेला होता, सही-शिक्के जागच्या जागी होते, पण आपण कुठे आणि कशासाठी जातो आहोत, हे त्या माणसांना कळलेले नव्हते.

मराठी भाषेच्या अभ्यासकांना जॉर्ज ग्रिअर्सन हे नाव ठाऊक असते. त्यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा. त्याच ग्रिअर्सनसाहेबांनी त्याआधी, १८८३ मध्ये, बंगाल इलाख्यातल्या या भरतीची पाहणी करून सरकारला अहवाल दिला होता. पाहण्या झाल्या, अहवाल आले, नियम वाढले. मोबदल्याची रीत तेवढी तशीच राहिली.

शेवटी हा प्रश्न मुळापासून मांडला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकच्या सुपुत्राने. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे थांबवावे असा ठराव आणला. तो मान्य झाला आणि १९११ च्या जुलैपासून ती वाट बंद झाली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी संपूर्ण पद्धतच रद्द करावी असा ठराव मांडला. ही पद्धत फसवणुकीवर उभी आहे आणि बळजबरीवर टिकली आहे, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. सरकारी बहुमतापुढे तो ठराव ३३ विरुद्ध २२ मतांनी पडला. पण बावीस मते नोंदली गेली. १९१६ मध्ये पंडित मालवीयांच्या ठरावाच्या वेळी सरकारने तत्त्व मान्य केले आणि १९१७ मध्ये भरती थांबली. ते पाहायला गोखले नव्हते. १९१५ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

पुढे १९२२ चा स्थलांतर कायदा आला. १९७३ नंतर तेलाचा पैसा आखातात खुळखुळू लागला आणि मुंबई ही आखाती भरतीची मोठी पेठ झाली, तेव्हा तो कायदा तोकडा पडला. म्हणून १९८३ चा कायदा झाला. त्याने भरती एजंटाला नोंदणी आणि बँक हमी सक्तीची केली, तसेच त्याने कामगाराकडून किती फी घ्यावी यावरही मर्यादा घातली.

आपल्या दारातला एजंट

तुम्ही-आम्ही ऑस्ट्रेलियात आलो ते गिरमिटावर नव्हे. पदवीच्या आणि गुणांच्या जोरावर, विमानाने आलो. अरकाट्याची आणि मायग्रेशन एजंटाची तुलना काहींना अन्यायाची वाटेल. प्रामाणिक आणि अभ्यासू एजंट इथे पुष्कळ आहेत. माझी तुलना माणसांची नाही, रचनेची आहे.

ऑस्ट्रेलियात एजंटाची गरज वाढली त्याला एक निश्चित कारण आहे. १९८९ पर्यंत पुष्कळसे निर्णय मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मर्जीवर होत. त्या वर्षी कायदा बदलला आणि मर्जीची जागा तपशीलवार नियमांनी घेतली. न्यायाच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. पण नियम आले की त्यांचा गुंता येतो आणि गुंता आला की तो सोडवून देणारा येतो. १९९२ मध्ये एजंटांची नोंदणी सक्तीची झाली. काही वकिलांनी हे प्रकरण हायकोर्टात नेले. १९९४ मध्ये कोर्टाने बहुमताने कायद्याच्या बाजूने कौल दिला. १९९८ मध्ये नियमनाचे काम एजंटांच्याच व्यावसायिक संस्थेकडे सोपवण्यात आले. आपल्याच सभासदांवर आपणच लक्ष ठेवायचे, ही सोय फार काळ मानवली नाही. २००९ मध्ये ते काम काढून घेऊन सरकारी कार्यालयाकडे देण्यात आले. २०२१ पासून वकिलांना या नोंदणीतून वगळले आहे, कारण त्यांच्यावर वकिलीच्या शिस्तीचे बंधन आहेच. मार्च २०२२ पासून एजंटांना नवी आचारसंहिता लागू आहे.

इतर देशांनीही हीच वाट धरली. ब्रिटनने १९९९ च्या कायद्याने इमिग्रेशन सल्लागारांवर आयुक्त नेमला आणि २०२५ मध्ये त्या कार्यालयाचे नाव बदलले. कॅनडात २०२१ पासून सल्लागारांचे स्वतंत्र कॉलेज हे काम पाहते.

तरीही या व्यवस्थेत दोन फटी उरतात, आणि आपल्या भाच्या-पुतण्यांचा पाय नेमका त्यांतच अडकतो.

पहिली फट भौगोलिक आहे. नोंदणीची सक्ती ऑस्ट्रेलियात बसून सल्ला देणाऱ्याला आहे. पुण्यात किंवा ठाण्यात ऑफिस थाटून ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा सल्ला देणाऱ्याला ऑस्ट्रेलियाची नोंदणी असावीच लागते असे नाही. भिंतीवर कांगारूचे चित्र आहे म्हणजे त्याच्यामागे इथला कायदा आहे, असे समजू नये.

दुसरी फट मोबदल्याची आहे. 'आमची फी शून्य' असे सांगणारा शिक्षणाचा एजंट बहुधा कॉलेजकडून कमिशन घेतो. त्यात बेकायदा काही नाही. पण विद्यार्थ्याला वाटते की हा माझा माणूस, आणि हिशेबाच्या वहीत तो कॉलेजचा माणूस असतो. २००९-१० मध्ये याचे परिणाम आपण मेलबर्न-सिडनीत डोळ्यांनी पाहिले. स्वयंपाक आणि केशकर्तनाचे कोर्स कायम वास्तव्याचा सोपा रस्ता म्हणून विकले गेले होते. २००९ मध्ये काही खाजगी कॉलेजे एकामागून एक बंद पडली. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने मागणी असलेल्या व्यवसायांची जुनी यादीच रद्द केली. ज्यांच्या आईवडिलांनी शेत किंवा घर गहाण टाकून फी भरली होती, त्या मुलांच्या हाती अर्धवट कोर्स उरला. कमिशन मात्र कधीच पोचते झाले होते.

आपली जबाबदारी

आता थोडे आपल्याविषयी. मंडळाच्या कार्यक्रमात, वडापावच्या रांगेत, व्हिसाचे सल्ले मुक्तहस्ते वाटले जातात. इथला कायदा याबाबतीत अनेकांना वाटतो त्यापेक्षा कडक आहे. जोडीदार, आईवडील, मुले आणि भावंडे यांना मदत करण्याची मोकळीक आहे. आपला गोतावळा कितीही मोठा असला तरी भाचा, पुतण्या आणि मावसबहीण त्या यादीत बसत नाहीत. फॉर्म टाइप करून देणे, भाषांतर करणे, अधिकृत माहिती जशीच्या तशी पुढे देणे चालते. पण "तू अमुक प्रकारात अर्ज कर, तमुक अनुभव असा दाखव" हे नोंदणीशिवाय सांगणे गुन्हा ठरू शकते. त्यासाठी पैसे घेतले तर दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. वडीलकीच्या नात्याने आपण एकच गोष्ट बिनधास्त करावी: समोरच्याला एजंटाची पारख शिकवावी.

ती पारख तीन प्रश्नांत मावते. पहिला प्रश्न: याला पैसे कोण देतो? तुम्ही देत असाल तर तो तुमचा. दुसरा कोणी देत असेल तर तो किती आणि कशासाठी देतो, हे स्पष्ट विचारा. दुसरा प्रश्न: पैसे केव्हा पोचतात? नोंदणीकृत एजंटाने काम सुरू करण्याआधी लेखी करार करायचा असतो आणि आगाऊ घेतलेली फी काम होईपर्यंत ग्राहकांच्या वेगळ्या खात्यात ठेवायची असते. आजच सगळी रक्कम रोख मागणारा आणि व्हिसाची हमी देणारा, दोघांनाही दारातूनच नमस्कार करावा. निर्णय सरकारचा असतो, त्याची हमी कोणताच एजंट देऊ शकत नाही. तिसरा प्रश्न: उद्या तक्रार करायची झाली तर कुणाकडे? नोंदणी क्रमांक सात आकडी असतो आणि तो सरकारी यादीत दोन मिनिटांत पडताळता येतो.

आणि या तिन्हींच्या वर एक गोष्ट. अर्जावर सही आपली असते. एजंटाने घातलेला खोटा तपशील किंवा बनावट अनुभवपत्र सापडले तर व्हिसा नाकारला जातो आणि तीन वर्षांची बंदी अर्जदाराच्या नावे लागू शकते. "मला ठाऊक नव्हते" ही सबब सहसा पुरत नाही. अलाहाबादच्या त्या १६५ माणसांना मॅजिस्ट्रेटपुढे सात-आठ सेकंद मिळाले आणि त्यांच्यापुढचा कागद त्यांना वाचताही येत नव्हता. आपल्या मुलांना कागद वाचता येतो आणि वेळही आहे. सही करण्याआधी एक अख्खी संध्याकाळ काढून तो अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, एवढे त्यांना आवर्जून सांगावे.