खंडव्याला गाडी बदलायची!

आमच्या पिढीच्या इंदूरकरांना आजोळी जळगाव-भुसावळकडे जायचे म्हणजे एकच धास्ती : खंडव्याला गाडी बदलायची. ट्रंका, वळकट्या, पेंगुळलेली मुले सांभाळत छोट्या गाडीतून मोठ्या गाडीकडे धावायचे. आईची लोणच्याची बरणी एकदा त्याच धांदलीत फुटली. अजून घरात तिची आठवण निघते!

ही बदलाबदल आली कुठून? माळव्याचा कापूस आणि अफू पूर्वी बैलगाड्यांनी आग्रा-मुंबई रस्त्याने जाई. पावसाळ्यात सारे ठप्प. म्हणून महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला तब्बल एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के. खंडवा-इंदूर मार्गासाठी जमीनही विनामूल्य दिली. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे, याचे कौतुक आपण आजही करतो, आणि करावेच.

पण त्याच सुमारास लॉर्ड मेयो यांच्या सरकारने खर्च वाचवण्यासाठी नव्या मार्गांना मीटरगेज ठरवले. खंडव्यावरून जाणारी मुंबईची जी.आय.पी. रेल्वे मात्र साडेपाच फुटी ब्रॉडगेज. म्हणजे माळव्याची प्रत्येक गासडी खंडव्याला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायची. हमाली वेगळी, खोळंबा वेगळा. नर्मदेवर पूल झाला, पाताळपाणी-कालाकुंडचा घाट फोडला, अन् सारी वाट मोकळी झाल्यावर माल अडला तो रुळांच्या रुंदीपाशी. घाटामुळे अरुंद रूळ घ्यावे लागले असे काही जण सांगतात. मला ते पटत नाही. बोरघाटातून ब्रॉडगेज १८६३ मध्येच चढली होती. वाचवलेला पैसा व्यापाऱ्यांनी हमालीच्या रूपाने भरला, एवढेच.

पुढे उज्जैन-रतलामच्या वळशाने मुंबईला थेट गाडी मिळाली, पण खाली खानदेशात उतरायला तीच छोटी गाडी राहिली. कर्जाची १०१ वर्षे १९७१ मध्ये भरतात. त्या सालीही खंडव्याला गाडी बदलावीच लागे.

महूहून ओंकारेश्वराकडे उतरणारी मीटरगेज गाडी २०२३ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ३०९ किलोमीटरच्या इंदूर-मनमाड मार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी. तोवर मुंबईकडचे ट्रक सेंधव्याच्या घाटातून जातात, बैलगाड्यांच्याच जुन्या रस्त्याने.