गिरणगावचा रविवार

उंब्रजच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे आमंत्रण आले तेव्हा विषय चालकांनी आमच्यावरच सोपविला होता. आमच्या आधीचे वक्ते ताम्रपटांवर आणि किल्ल्यांवर बोलून गेले होते. आमचा अभ्यास त्या जातीचा नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन झाले ते मुंबईच्या कामगार कल्याण केंद्रातल्या पुस्तकांवर आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या फायलींवर. तेव्हा आम्ही विषय निवडला तो आठवड्यातल्या एका दिवसाचा. लालबाग-परळात राहणारा आपल्या भागातला गिरणी कामगार रविवारी काय करीत असे, आणि तो रविवार त्याच्या हाती आला कसा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

तारळी आणि कृष्णा यांच्या संगमाच्या या मुलखातून माणसे मुंबईस का गेली हे श्रोत्यांस सांगण्याची गरज नाही. जमीन थोडी, भाऊ चार, आणि पाऊस बेभरवशाचा. मुंबईत उतरला की माणूस थेट गावकीच्या खोलीवर जाई. दहा बाय बाराची ती खोली, तीत वीस-वीस गडी. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी आणि एक वळकटी. जेवण खानावळीत. एवढी माणसे मावत कशी, असे नवा माणूस विचारी. उत्तर सोपे होते. ती कधी एका वेळी खोलीत नसतच. पहिल्या पाळीचा गडी भोंग्याबरोबर बाहेर पडला की रातपाळीचा येऊन त्याच्याच जागी आडवा होई.

पण रविवारी गिरणी बंद. त्या दिवशी वीसच्या वीस जण खोलीवर, आणि बसावयास जागा नाही. गिरणगावातली माणसे रविवारी सहलीस जात असे पुस्तकांत लिहिलेले आढळते. हौस होतीच, पण निम्मे कारण हे होते की घरात पाय ठेवण्यास ठाव नव्हता.

हा रविवार साहेबाने दिला अशी समजूत अजून आहे. सरकारी कचेऱ्यांना आणि गोऱ्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांना रविवारची सुट्टी होती हे खरे. गिरणीत मात्र ती नव्हती. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे तीसेक वर्षे काम चाले ते सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, कारण विजेचे दिवे नव्हते. सुट्टी मिळे ती सणावारी. एखादा रविवार यंत्रे थांबली तरी ती पुसावयास, तेलपाणी करावयास कामगारानेच यावयाचे. १८८१ सालचा पहिला फॅक्टरी कायदा झाला तो मुलांपुरता. मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या त्याने दिल्या. मोठ्या माणसांचे त्यात नाव नव्हते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा प्रश्न हाती घेतला. १८४८ चा त्यांचा जन्म. जोतीराव फुले यांचे ते सहकारी, आणि जोतीरावांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले कटगुण. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे हिशेबाची वही आणि कामगाराची पाठ दोन्ही त्यांनी जवळून पाहिली होती. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी मुंबईतून चालविले. १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून त्यांनी एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या वाचल्या की आजच्या माणसास नवल वाटेल, इतक्या त्या साध्या आहेत. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या, कामावर जखमी झालेल्यास काही भरपाई द्या. मालकांनी मनावर घेतले नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. एकशेतीसहून अधिक वर्षांपूर्वी दहा हजारांच्या जमावापुढे गिरणीतली बाई उभी राहून बोलली, ही गोष्ट आमच्या वाचनात प्रथम आली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी कायद्यातही आठवड्याची सुट्टी आली.

आपल्या मुलखास रविवार हा परका वार नव्हता. पाल येथून हाकेच्या अंतरावर. रविवार खंडोबाचा हे येथे लहान पोरासही ठाऊक आहे.

मात्र त्या सुट्टीचा पगार नव्हता. रोजावर आणि नगावर काम करणाऱ्यास रविवार म्हणजे एक दिवसाची खोट. बदली कामगाराची तर निराळीच कथा. तो रोज सकाळी बदलीचे कार्ड घेऊन गिरणीच्या दारात उभा राही, आणि काम न मिळाले की परत फिरे. त्याला आठवड्यात तीन-चार रविवार मिळत आणि एकही गोड लागत नसे. खानावळवालीस सुट्टी मुळीच नव्हती. उलट रविवारी मटणाचा बेत, म्हणून तिचा पाटा पहाटेपासून वाजे.

आता दिवस कसा जाई ते सांगतो. आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. वडील साळखात्यात होते. सकाळी ते गावकीच्या खोलीवर जात, आमचे बोट धरून. तेथे गावाहून आलेल्या माणसाभोवती कोंडाळे जमे. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या विहिरीस पाणी लागले, बांधाचा तंटा कोठवर आला, सगळे त्याला सांगावे लागे. ज्यास लिहिता येई तो पत्रे लिहून देई. एकीकडे तालमीत जोर-बैठका. मग अंघोळी, खानावळ, आणि दुपार कलल्यावर मंडळी बाहेर पडत.

बहुतेकांचे पाय भायखळ्याकडे वळत. राणीची बाग १८६२ साली खुली झाली आणि १८९० पासून तेथे जनावरेही ठेवण्यात आली. म्हणजे कामगारास रविवार मिळाला त्याच साली. १९६९ मध्ये बागेला वीरमाता जिजाबाईंचे नाव दिले गेले, पण आमच्या चाळीत ती शेवटपर्यंत राणीची बागच. शेजारच्या म्युझियमचे दार १८७२ साली उघडले. त्यास १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. वडिलांना वाघ-सिंहांपेक्षा म्युझियमबाहेरचा दगडी हत्ती आवडे. तो घारापुरीच्या बेटावरचा. १८६४ साली साहेब लोक तो विलायतेस नेऊ लागले, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पन्नास वर्षांनी, १९१४ च्या सुमारास, ते तुकडे जोडून हत्ती पुन्हा उभा केला. वडील त्या सांध्यांवरून हात फिरवीत आणि म्हणत, “बघ, जड हुता म्हणून राहिला हितं.”

संध्याकाळी रस्ते फुटत. कोणी परळच्या कामगार मैदानावर सभेस, कोणी दामोदर हॉलमध्ये नाटकास. हे नाट्यगृह १९२२ पासूनचे, ना. म. जोशी यांनी १९११ साली काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे. कामगारांनीच नाटके बसवायची, कामगारांनीच पाहावयाची. रातपाळी करून तालमीस येणारा राजा आम्ही पाहिला आहे. संवाद विसरला तर प्रेक्षक सांगत. हनुमान थिएटरात तमाशा. तेथे जाणारा गडी खोलीवर मात्र भजनास गेलो होतो असे सांगे, आणि ऐकणारेही तेथेच असल्यामुळे कोणी बोलत नसे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी याच रस्त्यांवरच्या दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचीत अक्षरे जुळविली. आई-बापांबरोबर पायी मुंबई गाठलेले पोर ते. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अशा माणसाची शाळा कोणती म्हणावयाची? आम्ही म्हणतो, सुट्टीचा रस्ता.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो, आणि पहिले काही आठवडे आम्हांस फार आनंद झाला, कारण वडील रोज घरी. फाल्गुनात एकदा आम्ही म्हटले, राणीच्या बागेत जाऊ या. वडील म्हणाले, “आज काय रविवार हाय?” त्यानंतर ते बागेत गेले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडी आम्ही गावी आलो. संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्या एकामागून एक मिटल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे, आणि रविवारी तेथे मोठी गर्दी होते. लोक हिंडावयास येतात. त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. आमचे वडीलही हिंडतच होते.

पोटापाण्यासाठी आम्ही पुन्हा मुंबईस गेलो आणि हळूहळू युनियनच्या कामात पडलो. गेली काही वर्षे आमचे काम कंत्राटी पहारेकऱ्यांत आहे. बारा तासांची पाळी, आणि साप्ताहिक सुट्टी कागदावर. सुट्टी घेतली तर रोज कापला जातो, म्हणून पोरे घेत नाहीत. गेल्या दिवाळीत एका कंत्राटदाराशी आमची बोलणी चालली होती. आम्ही मागण्यांचा कागद पुढे ठेवला. त्यात आठवड्याची पगारी सुट्टी पहिली होती, दुपारचा विसावा दुसरा, वेळेवर पगार तिसरा. कंत्राटदार म्हणाला, ही तुमची नवी फॅशन दिसते. आम्ही त्यास १८८४ सालचा अर्ज दाखविला. त्याने तो वाचला आणि चहा मागविला.

त्या पहारेकऱ्यांतला एक मुलगा इकडचाच, मसूरच्या बाजूचा. बोलणी संपून बाहेर आलो तेव्हा दारात उभा होता. मुंबईत येऊन त्यास तीन वर्षे झाली होती, आणि राणीची बाग त्याने अद्याप पाहिली नव्हती. पगारी सुट्टीचा निकाल अजून लागावयाचा आहे. पण पुढच्या रविवारी त्याच्या जागी दुसरा गडी उभा केला आणि आम्ही त्यास घेऊन भायखळ्यास गेलो. दगडी हत्तीपाशी तो बराच वेळ थांबला. सांधे कोठे आहेत ते आम्ही दाखविले नाहीत. त्यानेच हात लावून शोधून काढले.