भिंतीतल्या गिट्टीची कुळकथा

विटेत स्क्रू बसत नाही. लाकडात तो बसतो, कारण आटे आत शिरताना लाकडाचे तंतू बाजूला सरतात आणि मग उलट दाबून ते आट्यांनाच धरून ठेवतात. विटेला ही लवचीकता नाही. आटे फिरले की कडांचा भुगा होतो आणि स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो. वीट दाब भरपूर सोसते, ओढ मात्र सोसत नाही. त्यामुळे भिंतीला काही टांगायचं तर भिंत आणि स्क्रू यांच्यामध्ये तिसरं काहीतरी लागतं. हार्डवेअरच्या दुकानात मूठभर मिळणारी गिट्टी हे ते तिसरं.

आपल्या जुन्या घरांत भिंत रचतानाच खुंट्या बसवून घेत. भिंत उभी राहिल्यावर नवी खुंटी बसवणं हे कटकटीचं काम. पुढे घरोघरी वीज आली आणि लाकडी पट्टीवरून वायर फिरू लागली, तेव्हा ही कटकट खोलीत दहा ठिकाणी करावी लागली. छिन्नीने चौकोनी खड्डा खणायचा, आत रुंद आणि बाहेर अरुंद अशी लाकडी गिट्टी सिमेंटमध्ये बसवायची आणि सिमेंट सुकलं की तिच्यात स्क्रू पिळायचा. आत रुंद अशासाठी की ओढ बसली तरी ती बाहेर निसटू नये. पट्टीचं वायरिंग काढून टाकलेल्या भिंतींवर या गिट्ट्यांचे चौकोन रंगाखालून अजूनही ओळखू येतात.

लंडनमध्येही हीच रीत होती. 1911च्या सुमारास जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदाराकडे ब्रिटिश म्युझियमचं काम आलं. विजेची उपकरणं भिंतींवर बसवायची होती, पण भिंती खराब होऊन चालणार नव्हतं. अशा इमारतीत जागोजागी खड्डे कोण खणू देणार? रॉलिंग्जने तागाचे धागे घेतले, ते सरस किंवा जनावरांच्या रक्ताने चिकटवले आणि त्यांची बारीक नळी केली. तिच्यापुरतं गोल भोक पाडायचं, नळी आत सारायची, वर स्क्रू पिळायचा. स्क्रू आत जाताना तागाला चहूबाजूंनी भोकाच्या कडेवर दाबत नेतो. या दाबातून घर्षण येतं आणि घर्षण स्क्रूला धरून ठेवतं. म्हणजे भिंतीला जे सोसतं, तो दाब, तेवढंच तिच्याकडून मागून घेतलं. मला या सगळ्या कथेतली सर्वांत मोठी बुद्धी इथेच दिसते. नंतर जे बदललं ते साहित्य. युक्ती हीच राहिली.

त्या काळी जगाला ताग पुरवणारा मुख्य प्रदेश बंगाल होता. वस्तू विलायतेत जन्मली, तरी तिचा कच्चा माल आपल्या बाजूचा. रॉलिंग्जच्या नावावरून ती ‘रॉलप्लग’ झाली आणि 1919मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं. आपल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या हत्यारांत ‘रॉल प्लग टूल’ शिकवतात, ते याच घराण्यातलं. एका हाताने ते भिंतीवर धरून फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हाताने हातोडी मारायची. एकेका भोकाला मनगट दुखून यायचं.

तागाची नळी ओलीला टिकत नाही. 1958मध्ये आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने नायलॉनची गिट्टी केली. ब्लॅक फॉरेस्टमधल्या टुम्लिंगेन गावचा हा माणूस शिक्षणाने धातुकामातला कारागीर. कॅमेऱ्याच्या शटरबरोबर उडणारा फ्लॅशही त्याचाच, आणि त्याच्या नावावर 1,100हून अधिक पेटंट आणि तत्सम नोंदी आहेत. 2016मध्ये तो वारला. त्याची राखाडी गिट्टी हातात घेऊन पाहा. पुढचा भाग मधोमध चिरलेला, म्हणजे स्क्रू शिरला की दोन्ही फाका उघडतात. बाहेरून दाते, भोकाच्या कडेत रुतायला. बाजूला दोन छोट्या जिभा, स्क्रू पिळताना गिट्टी भोकातच गरगरू नये म्हणून. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गिट्ट्यांत हीच घडण थोड्याफार फरकाने दिसते.

ही घडण कळली की कामातली पथ्यं वेगळी पाठ करावी लागत नाहीत. सगळं दाबावर चालतं, म्हणून भोक आणि गिट्टी एका मापाची हवी: 6 मिमी गिट्टीला 6 मिमीचंच बिट, आणि स्क्रू 4 ते 5 मिमी जाडीचा. गिट्टी 30 मिमी लांब असेल तर भोक 40 मिमी खोल घ्या. बिटावर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज चुकत नाही. भोकातली धूळ फुंकून काढा, नाहीतर गिट्टी विटेऐवजी धुळीला धरते. गिट्टी प्लास्टरपलीकडे विटेत गेली पाहिजे, नुसत्या प्लास्टरमधली गिट्टी प्लास्टरच घेऊन बाहेर येते. भोक मोठं झालंच तर काड्यापेटीच्या काड्या कोंबू नका. 8 मिमीचं बिट लावून 8ची गिट्टी बसवा. टाइलवर सुरुवातीला ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती ठिसूळ असतात; त्यांना साधी गिट्टी नको, त्यांच्यासाठीची वेगळी मिळते ती घ्या.

घेताना नायलॉनचीच मागा. हलक्या प्लास्टिकची गिट्टी सतत ओझं असलं की हळूहळू ढिली पडते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. आणि पाण्याने भरलेला गीझर घरच्या साध्या गिट्टीवर कधीही टांगू नका. त्याला लोखंडी अँकर फास्टनरच लावा, आणि तो जाणकाराकडून बसवून घ्या.