लेझर हेअर रिमूव्हल : सावळ्या त्वचेसाठी कोणता लेझर सुरक्षित?

नांदेड-लातूरकडे लग्नसराई जवळ आली की लेझरने केस काढण्याबद्दल विचारणा वाढते. बहुतेकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे : मशीन कोणते आणि ते आपल्या त्वचेला चालेल का?

लेझर कसे काम करते?

केसाला काळा रंग देणारे मेलॅनिन लेझरचा प्रकाश शोषते. त्यातून तयार झालेल्या उष्णतेने केसाचे मूळ निकामी होते. अडचण अशी की मेलॅनिन त्वचेतही असते. त्वचा जितकी सावळी, तितकी तीच उष्णता त्वचेला लागण्याची भीती जास्त. त्यातून भाजणे, फोड येणे किंवा महिनोन्महिने टिकणारे काळे डाग असे त्रास होऊ शकतात. पांढऱ्या केसांत मेलॅनिन नसल्याने त्यांच्यावर लेझरचा उपयोग होत नाही.

त्वचेचे प्रकार

अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पुढे भर पडून आज त्वचेचे सहा प्रकार मानले जातात. पहिला अगदी गोरा, सहावा सर्वांत काळा. गव्हाळ आणि सावळी भारतीय त्वचा बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकारात येते.

कोणत्या त्वचेला कोणता लेझर?

• अलेक्झांड्राइट (७५५ नॅनोमीटर) : गोऱ्या त्वचेसाठी चांगला, सावळ्या त्वचेला धोक्याचा.
• डायोड (सुमारे ८१० नॅनोमीटर) : गव्हाळ त्वचेवर चालतो; मात्र ऊर्जा बेताची आणि त्वचा थंड ठेवण्याची सोय हवी.
• एनडी-याग (१०६४ नॅनोमीटर) : प्रकाश खोल जातो, त्वचेतील मेलॅनिन तो कमी शोषते. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी सर्वांत सुरक्षित.

‘आयपीएल’ हा लेझर नव्हे. सावळ्या त्वचेवर त्याने भाजण्याचा धोका अधिक असतो.

ऊन आणि वेळेचे गणित

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाने रापलेल्या त्वचेत मेलॅनिन वाढलेले असते, म्हणून त्या काळात लेझर टाळलेलाच बरा. साधारण सहा ते आठ सिटिंग, दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे, असा हिशेब धरला तर मे महिन्यातील लग्नासाठी दसऱ्याच्या सुमारास सुरुवात करावी लागते.

जाण्यापूर्वी

• चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग नको; रेझर चालतो.
• आधी लहानशा जागेवर चाचणी करून घ्यावी.
• हनुवटीवर दाट केस आणि अनियमित पाळी असेल तर पीसीओएसची तपासणी करावी. हार्मोनचा बिघाड तसाच राहिला तर केस पुन्हा येतात.
• उपचार करणाऱ्या डॉक्टरांची वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी पाहावी.

नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या त्वचारोग विभागात आधी त्वचा दाखवून सल्ला घेता येतो. ‘कायमचे केस जातात’ या जाहिरातीचा खरा अर्थ ‘केस बरेच कमी होतात’ एवढाच आहे.