गिटारची तार : तातीपासून नायलॉनपर्यंत

वाद्य घडवितो कारागीर. पण ते सुरात राखण्याचा भार वादकावरच पडतो. स्पॅनिश गिटारचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

या गिटारला आजचा घाट एकोणिसाव्या शतकात आन्तोनिओ दे तोर्रेस (1817–1892) या स्पॅनिश कारागिराने दिला. तिच्या सहा तारांपैकी चढ्या सुरांच्या तीन तारा मेंढीच्या आतड्याच्या, म्हणजे तातीच्या असत. खर्जाच्या तीन तारा रेशमी धाग्यांवर धातूची बारीक तार गुंडाळून केलेल्या असत. तातीचा नाद गोड खरा. परंतु दमट हवेत तिचा सूर ढळे, बोटांच्या घर्षणाने तिचे तंतू सुटत आणि ऐन मैफलीत ती तुटे. त्यामुळे जादा तातीचे वेटोळे जवळ बाळगणे आणि ती घोडीला स्वतः बांधता येणे, हा वादकाच्या विद्येचाच भाग होता.

दुसऱ्या महायुद्धात जखमा शिवण्यासाठी तातीची मागणी वाढली आणि वादकांना ती दुर्मीळ झाली. आन्द्रेस सेगोव्हियासारख्या श्रेष्ठ वादकालाही तिची चणचण भासली. पोलादी तार चढवावी, तर तिच्या ताणाने या नाजूक वाद्याची घोडीच उखडावयाची! तोड निघाली ती अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत 1935 साली नायलॉन जन्मास आले होते आणि 1940 साली स्त्रियांच्या पायमोज्यांच्या रूपाने ते बाजारात सर्वत्र मिळू लागले होते. न्यूयॉर्कचे वाद्यकारागीर आल्बर्ट ऑगस्टीन यांनी या धाग्याची तार करून पाहिली, सेगोव्हियांनी ती आपलीशी केली आणि त्या दशकाच्या अखेरीस तातीची सद्दी संपत आली.

तथापि वादकाचे काम संपले नाही. नायलॉनची तार आजही घोडीच्या छिद्रातून ओवून तिचे तिच्याभोवतीच वळसे घ्यावे लागतात. ताण एकदम उतरू नये म्हणून पुष्कळ वादक एकेकच तार बदलतात. नवी तार काही दिवस ताणली जाते. तोवर खुंटी पुनःपुन्हा पिळावी लागते.

एक फरक मात्र मोठा झाला. जुनी तात तुटून आपला अंत जाहीर करी. नायलॉनची तार सहसा तुटत नाही. ती मुकाट्याने बोदी होत जाते. पूर्वी तुटलेली तात बांधणारा हात तयार असावा लागे. आता न तुटलेली तार केव्हा उतरवावी हे ओळखणारा कान तयार असावा लागतो.