लादीकामासाठी गुडघ्याचे पॅड : मऊपणापेक्षा बेताचे माप महत्त्वाचे

दहिवली (ता. कर्जत) : उल्हास नदीकाठची दहिवली आणि आसपासचा कर्जत, नेरळ, खोपोली हा पट्टा मुंबई व पुणे या दोन्ही शहरांना जवळचा आहे. त्यामुळे येथे गृहसंकुले, बंगले आणि शेतघरांची बांधकामे मोठ्या प्रमाणावर होत आली आहेत. घराची लादी समपातळीत बसली की कारागिराच्या हाताचे कौतुक होते. तो दिवस त्याने गुडघ्यांवर काढलेला असतो, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. रिकामी सिमेंटची गोणी, लाद्यांच्या खोक्याचा पुठ्ठा किंवा फोमचा तुकडा गुडघ्याखाली सरकवून काम उरकण्याची पद्धत सर्वत्र दिसते. काम पुढे सरकते, गोणी मागे राहते आणि पुढची लादी उघड्या गुडघ्यावर बसवली जाते. अंगाला बांधता येणारे पॅड हा त्यावरचा साधा उपाय आहे. मात्र ते दिवसभर अंगावर राहील असे निवडले, तरच त्याचा उपयोग होतो.

गुडघ्याला काय होते?

गुडघ्याच्या वाटीपुढे, त्वचेखाली द्रवाची एक पातळ पिशवी असते. सतत दाब व घर्षण झाल्यास ती सुजते. वैद्यकीय भाषेत या विकारास प्रीपटेलर बर्सायटिस म्हणतात. लादी पुसणाऱ्या मोलकरणींमध्ये तो आढळत असल्याने इंग्रजीत त्याला ‘हाउसमेड्स नी’ असे नाव पडले. दुसरा धोका सांध्यातील कूर्चेच्या झिजेचा आहे. वर्षानुवर्षे गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून काम करणाऱ्यांमध्ये ही झीज अधिक प्रमाणात आढळते. डेन्मार्कमधील एका अभ्यासात फरशी बसवणारे कामगार कामाचा निम्म्याहून अधिक वेळ गुडघ्यांवर ताण येणाऱ्या स्थितीत असल्याचे दिसून आले. ब्रिटनने २०१२ मध्ये, वीस किंवा अधिक वर्षे हे काम केलेल्यांच्या गुडघ्याच्या संधिवाताचा समावेश व्यवसायजन्य आजारांच्या यादीत केला.

तिसरा धोका ओल्या सिमेंटचा. ओला माल तीव्र अल्कधर्मी असतो. कपड्यातून तो त्वचेला लागून राहिला, तर भाजल्यासारखी जखम होते. सुरुवातीला वेदना जाणवत नसल्याने काम संपेपर्यंत हे लक्षातही येत नाही.

पॅडची मर्यादा

पॅड दाब विभागते, खडी-वाळू टोचू देत नाही आणि त्वचेला मालापासून दूर ठेवते. गुडघा पूर्ण दुमडल्याने सांध्याच्या आत येणारा ताण मात्र त्याने नाहीसा होत नाही. आपल्याकडील बहुतेक कारागीर उकिडवे बसून काम करतात. त्या स्थितीत पॅडचा फारसा उपयोग नाही. पॅड असल्यास एक गुडघा टेकून काम करता येते व आलटून पालटून बाजू बदलता येते, हा त्याचा खरा लाभ होय. भिंतीच्या खालच्या भागातील कामासाठी बुटका पाटही उपयोगी पडतो.

औषधाच्या दुकानातील पट्टी नव्हे

औषधाच्या दुकानात मिळणारी ताणाची ‘नी कॅप’ सांध्याला आधार देण्यासाठी असते. तिला गादी नसते. स्केटिंगचे पॅड पडण्यापासून संरक्षण देते. त्याची फुगीर वाटी जमिनीवर टेकताच डुगडुगते आणि तोल सांभाळताना पाय व कंबर दुखू लागते. लादीकामासाठी पुढचा भाग सपाट व रुंद असलेले पॅडच घ्यावे.

निवडताना काय पाहावे?

*गादी :* अतिशय मऊ स्पंज दुकानात सुखद वाटतो, पण शरीराच्या भाराने दबून सपाट होतो. अंगठ्याने जोरात दाबल्यावर मागचे कवच हाताला लागले, तर ते पॅड टाळावे. हवाई चपलांच्या तळव्यांसाठी वापरतात त्या प्रकारचा ईव्हीए फोम टिकाऊ असून पाणी शोषत नाही. काही पॅडमध्ये फोमवर जेलचा थर असतो. तो आरामदायी असला तरी पॅडचे वजन वाढवतो.

*बाहेरचे कवच :* कच्च्या काँक्रीटवर कडक प्लॅस्टिकचे कवच चांगले. ते झिजत नाही आणि सरकताना अडत नाही. चकचकीत व्हिट्रिफाइड लादीवर किंवा पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर मात्र कवचाखाली अडकलेला वाळूचा कण ओरखडा पाडू शकतो. अशा ठिकाणी मऊ रबरी कवच घ्यावे व ते वारंवार पुसावे.

*पट्टे :* गुडघ्याच्या मागे, नेमक्या खोबणीत येणारा अरुंद पट्टा सर्वाधिक त्रास देतो. तेथून रक्तवाहिन्या व नसा जातात. एक पट्टा गुडघ्याच्या वर आणि एक खाली, दोन्ही रुंद व ताणले जाणारे, अशी रचना चांगली. चिकटपट्टी अर्थात व्हेल्क्रोमध्ये सिमेंटची धूळ बसली की पकड सुटते. क्लिपचे पट्टे अधिक काळ टिकतात.

*माप :* कामाची पँट घालूनच पॅड बांधून पाहावे. दुकानातच दहा मिनिटे गुडघे टेकावेत, थोडे पुढे-मागे सरकावे, मग उभे राहून चालावे. पॅड घसरल्यास ते सैल आहे. पोटरीला मुंग्या आल्यास ते घट्ट आहे.

दर्जाचे निकष

गुडघे टेकून करावयाच्या कामासाठीच्या पॅडसाठी युरोपात २००४ मध्ये ‘ईएन १४४०४’ हे मानक आले. त्यात चार प्रकार सांगितले आहेत : पायाला बांधायचे, पँटच्या खिशात बसवायचे, जमिनीवर अंथरायचे आणि उठण्या-बसण्यास मदत करणाऱ्या चौकटीसह येणारे. संरक्षणाचे तीन स्तर ठरवण्यात आले. शून्य स्तर सपाट जमिनीसाठी असून त्यात टोचण्यापासून संरक्षण अपेक्षित नाही. पहिल्या स्तरात किमान १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलो वजनाइतक्या बलाने टोचणारी वस्तू आरपार जाता कामा नये. दुसऱ्या स्तरासाठी ही मर्यादा २५० न्यूटन असून ती खडबडीत जागेसाठी आहे. घरातील लादीकामाला पहिला स्तर पुरेसा ठरतो. स्लॅबवर, खडी-तारांमध्ये काम असल्यास दुसरा स्तर पाहावा.

पावसाळा आणि उकाडा

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या तालुक्यात पावसाळा मुसळधार आणि उन्हाळा दमट असतो. संपूर्ण गुडघा झाकणाऱ्या निओप्रीनच्या पॅडमध्ये घाम साचून पुरळ उठते. मागची बाजू उघडी असलेले पॅड येथील हवेला मानवते. कापडी आवरणाचे पॅड पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि भिजल्यावर ओला माल त्वचेपर्यंत पोहोचवते.

वापर आणि निगा

दर अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करावेत. जेवणाच्या सुटीत पट्टे सोडावेत. कामानंतर पॅड स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. एकाचे पॅड दुसऱ्याने वापरू नये. फोम दाबल्यावर पुन्हा वर येईनासा झाला की जोडी बदलावी. गुडघ्यावर सूज, लाली व उष्णता जाणवली किंवा ताप आला, तर तेलाने चोळत न बसता डॉक्टरांकडे जावे. पिशवीत जंतुसंसर्ग झाल्याची ती लक्षणे असू शकतात.

खर्च कोणाचा?

साधी जोडी काही शे रुपयांत मिळते. तरीही ती घेतली जात नाही, याचे कारण मजुरीच्या पद्धतीतही आहे. लादीकाम बहुधा चौरस फुटाच्या दराने दिले जाते. टोचणारे, घसरणारे पॅड कामाचा वेग कमी करते. वेग कमी झाला की कमाई घटते आणि पॅड कोपऱ्यात पडते. म्हणूनच येथे आराम ही चैन नाही.

बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. तथापि, एखाद्या बंगल्याच्या लादीकामावर दोन कारागीर आणि एक बिगारी एवढीच माणसे असतात. दहा किंवा अधिक मजुरांच्या कामांसाठी आखलेला कायदा तेथवर पोहोचणे कठीणच. ठेकेदाराशी दर ठरवताना लादी, माल आणि पॉलिशच्या खर्चासोबत पॅडच्या जोड्यांचा खर्चही घरमालकाने धरला, तर एकूण हिशेबात तो जाणवणारही नाही. मात्र पॅडची निवड कारागिरालाच करू द्यावी. दिवसभर ते त्याच्याच पायाला बांधलेले राहणार आहे.