पाण्याखाली एकटं उतरायचं, तर दोर कुणाच्या हातात?

बोरिवलीहून किंवा अंधेरीहून रात्रीची बस पकडून तुम्ही कधी मालवणला गेला असाल, तर तुमचं पहिलं स्कूबा साधारण असं झालं असेल: वेटसूट, होडीवरची दहा मिनिटांची शिकवणी, आणि पाण्याखाली सगळा वेळ तुमचं सिलिंडर मागून धरून ठेवणारा प्रशिक्षक. फोटोत तुम्ही एकटेच दिसता, कारण तो चौकटीबाहेर असतो. पुढे रीतसर कोर्सला गेलात की पहिल्याच दिवशी ऐकवतात, 'एकट्याने कधीही नाही.'

हे इतक्या ठामपणे सांगतात, की नियम समुद्राइतकाच जुना वाटावा. माझा प्रबंध सुरक्षेच्या नियमांच्या इतिहासावर आहे, त्यामुळे असं काही ऐकलं की मी लगेच विचारते, हे कधीपासून?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या बाजारात इराणच्या आखातातले मोती ढिगाने यायचे. ते काढणारा माणूस पायाला दगड बांधून खाली जायचा, एकटाच. पण त्याचा दोर होडीवर दुसऱ्याच्या हातात असायचा आणि दोराला झटका बसला की वरचा ओढायला लागायचा. जपानमधल्या आमा स्त्रियांमध्येही एक पद्धत अशीच: बायको तळाशी, नवरा वर दोर धरून.

१८३० च्या दशकात ऑगस्टस सीबेचा तांब्याच्या शिरस्त्राणाचा पोशाख आला, तरी मांडणी तीच राहिली. खाली एक माणूस. वर हवेचा पंप चालवणारे, आणि ज्याचं दुसरं कामच नाही असा एक दोरवाला. जोडीने उतरण्याचा पहिला नोंदलेला आदेशही याच काळातला मानतात. १७८२ मध्ये बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' जहाजाचे अवशेष काढायला कर्नल पॅस्लीने १८३९ मध्ये काम सुरू केलं, तेव्हा त्याने पाणबुड्यांना जोडीने काम करायला सांगितलं. पण त्या दोघांचेही दोर वर बांधलेलेच होते, हे विसरू नका.

मग १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी हवा पाठीवर दिली आणि दोर सुटला. माणूस माशासारखा मोकळा झाला, आणि वरचा माणूस नाहीसा झाला. पोहण्याच्या शिबिरांत मुलांच्या जोड्या लावायची पद्धत होतीच. हौशी स्कूबाचे अभ्यासक्रम १९५० नंतर आकाराला आले तेव्हा तीच पद्धत पाण्याखाली गेली. माझ्या मते जोडीदार म्हणजे त्या हरवलेल्या दोराची बदली, आणि जरा अपुरी बदली. दोरवाला कोरड्यात बसून एकच काम करायचा. जोडीदार तुमच्याच पाण्यात, तुमच्यासारख्याच मोजक्या हवेवर, आणि बऱ्याचदा मासे बघण्यात गुंग. मुंबईसारख्या गढूळ पाण्यात तर हातभर अंतरावर तो दिसेनासा होतो. (मॅनहोलच्या बातम्या आठवा: पहिल्याला वाचवायला आत उतरलेला दुसराही जातो. तिथेही उपयोगी पडतो तो बाहेर दोर धरून उभा असलेला.)

आता एकट्याने उतरणारे. त्यांना वेडे म्हणून सोडून देणं सोपं होतं, पण नव्वदच्या दशकाअखेर एका संस्थेने त्यांचा कोर्सच काढला; २०११ मध्ये 'पॅडी'नेही तसाच काढला. प्रवेशाला आधीच्या किमान १०० बुड्या लागतात. शिकवतात ते मुख्यतः हिशेब आणि दुहेरी सामान: दोन मास्क, दोन सुऱ्या आणि संपूर्ण वेगळी दुसरी बाटली, तिच्या स्वतःच्या रेग्युलेटरसह.

ती बाटली केवढी हवी, ते करून बघा. वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे ६० लिटर. गडबड सावरायला एक मिनिट, मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला सव्वादोन मिनिटं, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबणं, मिळून साधारण २४० लिटर. घाबरल्यावर श्वास दुप्पट होतो असं धरा, म्हणजे ४८०. तीन लिटरची बाटली २०० बारला भरली की ६०० लिटर. पुरते.

हवा संपणं, रेग्युलेटर बिघडणं, जाळ्यात अडकणं, एवढ्यावर ही तयारी चालते. शुद्ध हरपली किंवा हृदयाचा झटका आला, तर दुसरी बाटली काही करत नाही. शिवाय दाबामुळे होणाऱ्या आजाराची लक्षणं बऱ्याचदा वर आल्यावर, तासाभरानेही दिसतात. 'जरा दमलोय' म्हणणाऱ्याचा पाय लुळा पडतोय, हे समोर बसलेल्यालाच आधी कळतं. म्हणून एकट्याने उतरणारे जाणते लोक किनाऱ्यावर कुणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवतात. दोर नाही, पण दोरवाला आहे.

जोडी असूनही दोरवाला नसला तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियात जानेवारी १९९८ मध्ये दिसलं. ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकी दांपत्य नियमाप्रमाणे एकत्र उतरलं होतं. वर होडीवर माणसं मोजताना चूक झाली आणि होडी त्यांना तिथेच सोडून निघून गेली. दोन दिवसांनी होडीवर त्यांची बॅग सापडली, तेव्हा कुठे कुणाच्या लक्षात आलं. ते दोघे कधीच सापडले नाहीत.